जैविक कीडनियंत्रणात जातिनिश्चितीचे स्थान

उपद्रवी कीटक, तण किंवा रोगजंतू यांचा बंदोबस्त त्यांच्याच नैसर्गिक शत्रूंकडून करवून घेणे, अशी जैविक नियंत्रणाची व्याख्या सर्वत्र दिलेली आढळते. व्याख्या सोपी आहे. तिच्यातील ‘त्यांच्याच’ हा शब्द मात्र सोपा नाही. स्पर्शजन्य कीटकनाशक फवारताना पानावरचा मावा नेमका कोणत्या जातीचा आहे, याने पुष्कळदा फारसा फरक पडत नाही. विष सर्वांनाच मारते, आणि हाच त्याचा मोठा दोष आहे. जैविक नियंत्रणाचे सारे सामर्थ्य याच्या उलट गुणात, म्हणजे शत्रू आणि भक्ष्य यांच्या अत्यंत मर्यादित नात्यात साठविलेले असते. ज्या मानाने हे नाते अरुंद, त्या मानाने उपाय सुरक्षित. पण त्याच मानाने नाव चुकल्यास तो पूर्णपणे निष्फळ. वर्गीकरणशास्त्र हे संग्रहालयातील धूळ खाणाऱ्या पेट्यांचे शास्त्र आहे असा समज विद्यार्थ्यांत बराच पसरलेला दिसतो. त्या समजाची तपासणी करण्यास जैविक नियंत्रणाच्या इतिहासासारखे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल.

परकी कीड नव्या देशात येते तेव्हा तिचे शत्रू बहुधा मूळ देशातच मागे राहतात, आणि म्हणून ती अनावर होते. तिला आवरावयाचे तर मूळ देशी जाऊन तेथील शत्रू शोधले पाहिजेत. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारी कापशी खवले कीड ऑस्ट्रेलियातील आहे असे ठरल्यावर १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले तेथे गेला आणि त्याने पाठविलेल्या लहानशा तांबड्या भुंग्यांनी दोन वर्षांच्या आत त्या बागा वाचविल्या. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून इतक्यांदा सांगितला गेला आहे की, त्यातील पहिली पायरी वाचकाच्या नजरेतून सुटते. मूळ देश कोणता, हे कीटक स्वतः सांगत नाही; ते त्याच्या नावावरून कळते. नाव हा त्याचा पत्ता होय. पत्ता चुकला तर काय होते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण भारतातच घडले, आणि ते कोबेलेच्या प्रवासाहून जवळजवळ एका शतकाने जुने आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या हाती होता. मेक्सिकोतील फड्या निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या डॅक्टिलोपियस कॉक्कस या कीटकाच्या वाळविलेल्या माद्यांपासून हा रंग मिळे. ईस्ट इंडिया कंपनीला तो भारतात निर्माण करावयाचा होता आणि मद्रासेस डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागही लावली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधील रिओ द जानेरोहून काही कीटक कलकत्त्यास आणले. ते वाढले, पसरले, पण त्यांचा रंग निकृष्ट निघाला. आणलेला कीटक कॉक्कस नव्हताच. तो दक्षिण अमेरिकेतील डॅक्टिलोपियस सिलॉनिकस ही रानटी जात होता. हा घोटाळा टाळता येण्याजोगा होता. कॉक्कसच्या मादीच्या अंगावर पिठासारखी भुकटी असते, तर रानटी जातींच्या अंगावर कापसासारखे तंतू असतात. मेक्सिकोतील उत्पादक ‘उत्तम’ आणि ‘रानटी’ किरमिज असा भेद पिढ्यान् पिढ्या करीत आले होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना निवडुंगावर बसलेला आणि चिरडल्यास तांबडा होणारा कीटक एवढी एकच खूण पुरेशी वाटली.

रंगाचा उद्योग बुडाला. तथापि उत्तर भारतात लावलेले निवडुंगही या कीटकाने बुडविले, ही गोष्ट हळूहळू लोकांच्या ध्यानात आली. तेव्हा १८३६ ते १८३८ या काळात हा कीटक मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला आणि तेथेही त्याने निवडुंग नाहीसा केला. पुढे १८६५ च्या सुमारास तो सिलोनात गेला. तणाच्या नाशासाठी एखादा कीटक बुद्धिपुरस्सर एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. चुकीच्या नावाने आलेला कीटक असा उपयोगी ठरला, हे खरे. पण तो कशासाठी उपयोगी आहे हे कोणालाच नीट उमगलेले नव्हते, आणि त्याची किंमत पुढे पाऊणशे वर्षे द्यावी लागली.

कारण भारतात निवडुंगाची एकच जात नव्हती. सिलॉनिकसने ज्याचा फडशा पाडला तो दक्षिण अमेरिकेतील ओपुन्शिया मोनाकँथा होता; जुन्या ग्रंथांत त्यालाच ओपुन्शिया व्हल्गारिस म्हटलेले आढळते. याखेरीज कुंपणासाठी लावलेले आणि तेथून गायराने, नदीकाठ व पडीक जमिनी व्यापणारे निवडुंग मुख्यतः ओपुन्शिया डिलेनाय आणि ओपुन्शिया एलाटियर या जातींचे होते. यांवर सिलॉनिकस टिकत नसे. साऱ्यांनाच ‘निवडुंग’ आणि साऱ्याच कीटकांना ‘किरमिजी किडा’ म्हटल्याने हा कीटक येथे यशस्वी व तेथे अयशस्वी का होतो, याचा उलगडा होईना. हवा, पाऊस, जमीन अशी कारणे सुचविणे सोपे होते. खरे कारण दोन अज्ञात नावांत दडलेले होते.

१९२६ मध्ये सिलोनमधून दुसरी किरमिजी जात दक्षिण भारतात आणण्यात आली. ती उत्तर अमेरिकेतील डॅक्टिलोपियस ओपुन्शिए होय. पाचसहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टरांवरील निवडुंग तिने संपुष्टात आणला. ज्या जमिनीत गुरेही शिरू शकत नसत, त्या नांगराखाली आल्या. अनेक दशकांच्या कुऱ्हाडीला आणि आगीला जे साधले नाही, ते दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, पंख नसलेल्या माद्यांनी साधले. येथे अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या काळच्या अहवालांत या कीटकाचे नाव डॅक्टिलोपियस टोमेंटोसस असे दिलेले आहे. १९७४ मध्ये द लोट्टो यांनी या वंशाची पुनर्रचना केली, तेव्हा टोमेंटोसस ही निराळीच जात असून ती दंडगोल कांड्यांच्या सिलिंड्रोपुन्शियावर राहते, हे स्पष्ट झाले. जुना अहवाल वाचून कोणी आज ‘टोमेंटोसस’ आणून फड्या निवडुंगावर सोडील, तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही.

या बंधनाचे स्वरूप किरमिजी कीटकाच्या राहणीवरून समजते. नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू अंगावरील लांब मेणाच्या तंतूंमुळे वाऱ्याबरोबर वाहत जाते. निवडुंगावर पडताच ते आपली सूक्ष्म सोंड पेशीजालात खुपसते आणि मादी असेल तर पुढे आयुष्यभर तेथून हलत नाही. भटकून दुसरे झाड निवडण्याची संधी तिला नाही. ज्या झाडात सोंड रुतली त्याचा रस मानवला तर ती जगते, नाही तर मरते. अशा कीटकाची शरीररचना व पचन एखाद्याच वनस्पतिसमूहाशी जुळत जाणे स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियातही हाच अनुभव आला. १९१४ च्या सुमारास सिलोन व भारत या भागांतून तेथे नेलेल्या सिलॉनिकसने क्वीन्सलँडमधील मोनाकँथा निवडुंग मारला, परंतु लक्षावधी एकर व्यापून बसलेल्या दुसऱ्या जातीस धक्का लावला नाही. त्या जातीचा निकाल पुढे अर्जेंटिनाहून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाच्या अळ्यांनी लावला. तो विषय स्वतंत्र आहे.

तणाच्या नावात चूक झाल्याचे उदाहरण साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याचे आहे. झांबेझी नदीवरील करीबा जलाशय १९५८ च्या अखेरीस भरू लागला, दुसऱ्याच वर्षी त्यावर हा नेचा दिसला आणि १९६२ पर्यंत त्याने जवळजवळ १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकले. सिलोन, केरळ आणि आग्नेय आशियातही तोच उपद्रव होता. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ असे नाव पडले; कुट्टनाडच्या कालव्यांतून होड्या जाईनात, भातखाचरांत त्याचे थर साचू लागले. या नेच्याची ओळख साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा अशी पटविण्यात आली होती, म्हणून त्या जातीच्या प्रदेशांत, त्रिनिदाद व त्याच्या आसपास, कीटक शोधले गेले. तेथून आणलेल्या टोळाची एक जात केरळातही सोडून पाहण्यात आली. एकाही कीटकाने समाधानकारक काम केले नाही.

नेच्यांची जातिनिश्चिती बीजुकधारी अवयवांवरून होते, आणि हा उपद्रवी नेचा वंध्य आहे. त्याचे बीजुक रुजत नाहीत. त्याची वाढ केवळ तुटलेल्या तुकड्यांनी होते. ज्या लक्षणावर ओळख अवलंबून, तेच येथे अपुरे असल्याने चूक टिकून राहिली. १९७२ मध्ये मिचेल यांनी ही जात वेगळी काढून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. मोलेस्टा म्हणजे त्रासदायक. शास्त्रज्ञालाही कधी कधी मोह आवरत नाही. नाव मिळाल्यावर मूळ ठिकाणाचा शोध नव्याने सुरू झाला आणि १९७८ मध्ये ही वनस्पती आग्नेय ब्राझीलमध्ये सापडली. तेथे तिच्यावर एक लहान काळसर सोंड्या भुंगा होता. तो त्रिनिदादमध्ये पूर्वी मिळालेला सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस आहे असे समजून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडण्यात आला. सुमारे वर्षभरात जलाशय मोकळा झाला. आधी हरलेला भुंगाच आता जिंकतो कसा, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. उत्तर १९८५ मध्ये मिळाले. काल्डर व सँड्स यांनी दाखविले की, ही वेगळी जात आहे, आणि तिला सिर्टोबॅगस साल्व्हिनिए म्हटले. हिच्या अळ्या खोडाच्या आत शिरून ते पोखरतात आणि प्रौढ भुंगे कोंब खातात. त्यामुळे नेचा तुकड्यांनी पुन्हा वाढू शकत नाही. अशा रीतीने येथे तण आणि शत्रू या दोहोंचीही नावे चुकलेली होती.

ऑस्ट्रेलियातून हा भुंगा भारतात आल्यावर १९८३ मध्ये बंगळूर येथील एका कमळाच्या तळ्यात त्याची परीक्षा झाली. ११ महिन्यांत तळे स्वच्छ झाले. त्यानंतर केरळातील कालवे काही वर्षांतच वाहतुकीस मोकळे होऊ लागले. अर्थात योग्य नाव मिळाले म्हणजे यश हमखास, असेही नाही. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या पाण्यात नायट्रोजन इतका कमी होता की, नेच्यावर भुंग्यांची संख्या वाढेना. तेथे शास्त्रज्ञांनी आधी काही ठिकाणी नेच्यालाच युरिया घातला, म्हणजे तणाला खत दिले, आणि पुष्ट झालेल्या तणावर भुंगे स्थिरावले. जातिनिश्चिती ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे.

चूक कधी शत्रूच्या अंगी असलेल्या अतिसूक्ष्मतेमुळे होते. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय झाडांवरच्या तांबड्या खवले किडीचे परजीवी आशियात होतेच. पण ॲफायटिस वंशातील या चिमुकल्या गांधीलमाश्या कॅलिफोर्नियात आधीपासून असलेल्या ॲफायटिस क्रिसोम्फॅलाय या जातीच्याच आहेत, असे समजून अनेक वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. पॉल डीबाक यांनी या वंशाचा बारकाईने अभ्यास केल्यावर त्या निराळ्या जाती निघाल्या. १९४८ च्या सुमारास दक्षिण चीनमधील ॲफायटिस लिंगनानेन्सिस, आणि १९५६-५७ मध्ये भारत-पाकिस्तान भागातील ॲफायटिस मेलिनस तेथे नेण्यात आली. उष्ण व कोरड्या अंतर्भागात मेलिनसने आधीच्या जातींना मागे टाकले. ज्या परजीवीची गरज होती, त्याला ‘आपल्याकडे आहेच’ असे म्हणून दशकानुदशके दूर ठेवले गेले होते.

याच धर्तीचा प्रश्न भारतात ट्रायकोग्रामा या अंडपरजीवी कीटकांविषयी होता. ही माशी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते आणि पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तांदळावरील पतंगाची अंडी कागदावर चिकटवून त्यांत ही माशी वाढविली जाते. तीच ‘ट्रायकोकार्डे’ महाराष्ट्रातील ऊस-उत्पादकांच्या परिचयाची आहेत. या माश्यांना पूर्वी येथे कधी मायन्यूटम, कधी इव्हानेसेन्स, कधी ऑस्ट्रॅलिकम म्हटले जाई. रंग व केस यांवरून केलेली ओळख तापमानाबरोबर बदलत असे, कारण थंडीत वाढलेली माशी अधिक काळसर होते. बंगळूर येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्रातील सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांनी १९७१ मध्ये असे दाखविले की, नराच्या जननेंद्रियांची रचना हेच या वंशातील भरवशाचे लक्षण होय. त्यानंतर भारतातील तथाकथित ऑस्ट्रॅलिकम निराळी ठरली. तीच आजची ट्रायकोग्रामा चिलोनिस. उसावरील खोडकिड्यासाठी चिलोनिस, तर शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम अशी निवड आज करता येते, ती या बारीक विच्छेदनाच्या आधारावर. एखाद्या प्रयोगशाळेत दोन जातींची भेसळ झाली आणि नर काचपट्टीवर तपासले गेले नाहीत, तर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या कार्डावरील नाव आणि त्यातील माशी यांचा मेळ राहत नाही.

पिठ्या ढेकणांच्या बाबतीत चुकीचे व बरोबर, असे दोन्ही अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी त्यावर एक नवा पिठ्या ढेकूण आला, आणि १९७७ मध्ये त्याला फेनाकॉक्कस मॅनिहोटी हे नाव मिळाले. कसावा मूळचा अमेरिकेतील, तेव्हा ढेकूणही तेथलाच असणार, हा तर्क बरोबर होता. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर तसाच ढेकूण सापडला; त्याचे परजीवी आणून पाहिले, पण ते आफ्रिकेतील ढेकणाकडे वळेनात. सूक्ष्म तपासणीत ती फेनाकॉक्कस हेरेनी ही दुसरीच जात ठरली. एक साधा भेद असा की, हेरेनीत नर असतात आणि मॅनिहोटीच्या माद्या नरावाचूनच प्रजोत्पत्ती करतात. १९८१ मध्ये अँथनी बेलॉटी यांना खरा मॅनिहोटी पॅराग्वेत आढळला. त्यावरील ॲनागायरस लोपेझी ही माशी इबादान येथील आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत आफ्रिकेत सोडली गेली आणि पिकाचा नाश थांबला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

या श्रमांचे फळ भारताला विनासायास मिळाले. २०२० मध्ये हाच ढेकूण केरळात आढळला, आणि त्याचे नाव ठरताच त्याचा शत्रू कोण व तो कोठे मिळेल, याविषयी काहीच संशय उरला नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने २०२१ मध्ये लोपेझी माशी आफ्रिकेतील बेनिनहून आणली व २०२२ मध्ये तामिळनाडूत सोडली. सेलमच्या साबुदाण्यावर ज्या महाराष्ट्रीय घरांतील उपवास चालतात, त्यांचाही या माशीशी असा दूरचा संबंध आहे. पपईवरील पिठ्या ढेकणाची कथा याहून लहान आहे. २००८ मध्ये तो कोईमतूर येथे आढळला आणि पुढे पुण्याच्या परिसरातील पपईवरही आला. पॅराकॉक्कस मार्जिनॅटस हे त्याचे नाव १९९२ पासूनच उपलब्ध होते, आणि ॲसेरोफॅगस पपाये या त्याच्या परजीवीचे वर्णन २००३ मध्ये झालेले होते. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ही माशी आली, त्याच वर्षी सोडली गेली, आणि काही महिन्यांत पपई, तुती व कसावा यांवरील उपद्रव आटोक्यात आला. भारताला येथे शोध घ्यावाच लागला नाही. तो इतरांनी आधीच घेऊन ठेवला होता.

अलीकडे एका जनुकाच्या खंडावरून जात ओळखण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि २००३ नंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. अंडी, अळ्या किंवा पिसाळलेले अवशेष यांवरूनही नाव सांगता येणे, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु मिळालेला अनुक्रम ज्याच्याशी ताडून पाहावयाचा, तो नमुना कोणा तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली आधी ओळखलेला असावा लागतो. त्या तज्ज्ञाचीच जागा भरली गेली नाही, तर यंत्र फार तर एवढे सांगेल की, दोन कीटक एकमेकांपासून भिन्न आहेत. नमुन्यांची आंतरराष्ट्रीय देवघेवही पूर्वीइतकी सुलभ राहिलेली नाही. १९९२ चा जैवविविधता करार आणि २०१० चा नागोया करारनामा यांनंतर प्रत्येक देशाचा आपल्या जीवसंपत्तीवरील अधिकार मान्य झाला. तो न्याय्य आहे. पण एखादी माशी ओळखण्यासाठी परदेशी पाठविण्यास जे परवाने लागतात, त्यांत किडीचे दोन हंगाम निघून जाऊ शकतात. म्हणून ओळख पटविणारे लोक आणि जतन केलेले नमुने देशातच असणे, ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. प्रबंधासाठी प्रयोगात वापरलेल्या कीटकांचे काही नमुने संग्रहालयात ठेवले नाहीत, तर १९२६ च्या ‘टोमेंटोसस’प्रमाणे पुढे नाव बदलल्यावर ते निष्कर्ष कोणत्या जातीस लावावयाचे, हे ठरविता येत नाही.

जातीचे नाव बरोबर असूनही काम भागत नाही, अशी स्थिती दक्षिण आफ्रिकेत आली. तेथे डॅक्टिलोपियस ओपुन्शिए १९३० नंतरच्या दशकापासून होता, आणि खाण्याची फळे देणाऱ्या ओपुन्शिया फायकस-इंडिकाच्या रानटी वाढीवर तो चांगला चाले. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील ओपुन्शिया स्ट्रिक्टावर मात्र त्याचे काही चालेना. ऑस्ट्रेलियात हीच जात स्ट्रिक्टावर वाढत होती, तेव्हा १९९०-२००० या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कीटक आणून सोडण्यात आले, आणि त्यांनी स्ट्रिक्टाचा निःपात केला. एकाच जातीत ‘फायकस’ व ‘स्ट्रिक्टा’ असे दोन प्रकार असून बाह्य लक्षणांवरून ते वेगळे करता येत नाहीत. कोणत्या निवडुंगावर जगतो, एवढीच त्यांची खूण. प्रयोगशाळेत या दोहोंचा संकर घडविला असता पहिल्या पिढीची संतती दोन्ही निवडुंगांवर वाढली, पण पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होऊन काही पिल्ले एकावर, तर काही दुसऱ्यावरच जगू शकली. त्यामुळे ज्या प्रदेशात दोन्ही निवडुंग शेजारी वाढतात, तेथे एका प्रकाराच्या माद्या दुसऱ्या प्रकाराच्या नरांशी संयोग पावून पिल्लांचा काही भाग चुकीच्या झाडावर वाया जातो, आणि कीटक सोडण्यापूर्वी त्या परिसरात आधीपासून कोणता प्रकार नांदत आहे, हे पाहावे लागते.